किती उरल्या?

२० ऑगस्ट २०२३

ही डायरी २०१९ सालची आहे. गोंडपिपरीच्या एका दुकानदाराने वाटलेली, ग्रामपंचायतीच्या कपाटात पडून होती, मी मागून आणली. तारखा चालतील, वार जुळणार नाहीत. म्हणून वार खोडत जाईन.

उद्या मी चंद्रपूरला जाते. तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा, बारावीवर थेट दुसऱ्या वर्षाला. मधल्या टोल्यातून एवढं शिकायला बाहेर पडणारी मीच पहिली, असं मी म्हटलं तर शेजारचे डोमाकाका म्हणाले, "पहिली कायची? आपला बुधूचा बकरा गेला होता ना पुरात वाहून. पार तेलंगणाच्या सीमेवर, सिरोंच्याले सापडला. तेलुगू शिकून आला तो."

हॉस्टेलात कोणी विचारलं तर नीट सांगता यावं म्हणून गावाची माहिती इथे लिहून पाहते. मधला टोला म्हणजे वैनगंगेच्या दोन धारांमधलं बेट. एक्केचाळीस घरं, सगळी ढिवरांची. मासोळ्या धरायच्या, पोटापुरतं धान लावायचं. पलीकडे जायला डोंगा, आणि डोंगा चालवतात माझे बाबा, उमाजी. त्यांच्याआधी आजोबा. घाटाला सोळा दगडी पायऱ्या आहेत, त्या मोजायचं कामही आमच्याच घरात. पावसाळ्यात सगळा टोला एकच प्रश्न विचारतो, "उमाजी, किती उरल्या?" म्हणजे कोरड्या किती उरल्या. तीन उरल्या की बाबा थाळी वाजवतात आणि सगळे शाळेच्या टेकडीवर जातात. वरच्या धरणातून पाणी सोडलं तर लख्ख उन्हातही पूर येतो, त्यामुळे आभाळाकडे बघून चालत नाही. पायऱ्यांकडेच बघावं लागतं.

पाणी किती चढलं असं टोल्यात कोणी विचारत नाही. लहानपणी मी विचारलं होतं, टोल्यातल्या शकुबाईने पाठीत धपाटा घातला. नदीचं मोजायचं नाही म्हणे, आपलं उरलेलं मोजायचं.

मी एकुलती एक. तेव्हा बाबांनंतर वल्हं कोण धरणार हा प्रश्न टोल्यात रोज निघतो आणि सगळे माझ्याकडे बघतात. बाबांनी काल निकाल दिला. "दोन वर्षं मी पाहातो. दोन वर्षांत नोकरी लागली तं तू मोकळी. नाई लागली तं येऊन वल्हं धर." आई म्हणाली, तीन वर्षं द्या. बाबा म्हणाले, "दोनच." इतके हट्टाने की मला रागच आला. एका वर्षाने काय बिघडणार होतं?

२१ ऑगस्ट

हॉस्टेलात पोचले. पलीकडच्या काठावर चढ चढून गेलं की एसटीचा थांबा. चढाच्या वरून मी मागे वळून हात हलवला. बाबा खाली डोंग्यात माझ्याकडे तोंड करून बसले होते. हात हलवला नाही. मी पुन्हा हलवला, ओढणीसुद्धा हलवली. बसूनच राहिले.

राग आहे त्यांना. मग जा तरी कशाला म्हणायचं?

३ सप्टेंबर

माझी तक्रार झाली. वॉर्डनबाईंकडे तीन मुली गेल्या की रंजीता फोनवर बोलते तेव्हा अभ्यास होत नाही. आमच्या गावात बोलायचं म्हणजे नदीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे, त्याला मी काय करू? आता मी गच्चीवर जाऊन बोलते. काल खालच्या चहावाल्याने वर बघून विचारलं, "मंग आईचा गुडघा बरा हाय का आता?"

माझी रूम पार्टनर रोशनी, मोहर्लीची. तिचे वडील ताडोब्यात पर्यटकांची जिप्सी चालवतात. ती म्हणते, आमच्याकडे उलटं, बोलायचंच नाही, वाघ पळतो. ती कुजबुजते, मी ओरडते. सोय झाली, दोघींचं मिळून एक माणूस होतं.

सोल्डरिंग गनने अंगठा भाजला. सर म्हणाले, पहिला चटका प्रत्येकाला बसतो. माझा चौथा होता.

११ नोव्हेंबर

दिवाळीला घरी आले. कोणाला कळवलं नव्हतं. बुधूच्या डोंग्यातून उतरले आणि घाटावर बाबा जाळं घेऊन बसले होते, त्यांच्या पुढ्यात जाऊन गपचूप उभी राहिले. त्यांनी मान वर केली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "कोण हाय वं? शकू का?"

शकुबाई साठ वर्षांची आहे. मला इतका राग आला! चेष्टेलाही मर्यादा असते. मी बोलले तेव्हा मात्र असे हसले की जाळं हातातून पडलं.

मग माझी परीक्षा घेतली. "शहरात जाऊन विसरली नाई ना? सांग, किती उरल्या?" मी एका नजरेत सांगितलं, चौदा. "बरोबर," म्हणाले. संध्याकाळी पुन्हा विचारलं. सकाळी पुन्हा. बापाला लेकीवर इतका अविश्वास! पण मी दरवेळी बरोबर सांगितलं.

८ फेब्रुवारी २०२४

गणितात नापास. डोकं इतकं तापलं की बॅग भरली. रोशनीने बॅगेवर बसून घेतलं. वजनदार मुलगी आहे.

गच्चीवर जाऊन बाबांना फोन केला. म्हटलं, मला जमत नाही, येते परत. चहावाल्याने खाली स्टोव्ह बारीक केला, मी पाहिलं.

बाबा म्हणाले, "उन्हाळ्यात डोंगा वाळूत अडकते तवा आपण काय करतो?"

"ढकलतो."

"डोंग्यात बसून ढकलता येते का?"

"नाही. उतरावं लागतं."

"मंग उतर आन ढकल. रडून डोंगा हालत नाई." आणि मग, "तू आता येऊ नको, रंजे. अजून दीड वर्ष हाय."

यांना माझी आठवणही येत नाही की काय, कोण जाणे. गणिताचं पुस्तक काढलं.

१९ मे

सुट्टीत घरी. गणित सुटलं! एकोणसत्तर. डोमाकाकांनी विचारलं, शंभरातले का? मी म्हटलं, नाही, सोळातले.

बाबा आळशी झालेत. लिहायला बरं वाटत नाही, पण डायरीत खोटं कशाला लिहू? डोंगा निम्म्या वेळा डोमाकाका चालवतात, बाबा म्हणतात खांदा दुखतो. परवा स्वतः चालवला तर घाटाच्या खुंटावर धाडकन नेऊन आदळला, शकुबाईची मासोळ्यांची टोपली नदीत गेली. मासोळ्यांना तेवढाच आनंद. जाळ्याची सुई आई ओवून देते. मी म्हटलं, "बाबा, सुई ओवायलाही आता नोकर लागतो का?" आई माझ्याकडे बघत राहिली आणि बाबा म्हणाले, "तुह्या आईचा हात गोड हाय, तिनं ओवलं की जाळ्यात मासोळी येते." आई लाजली. या वयात!

१० ऑगस्ट

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट ठरवायचा आहे. राजदीप सर म्हणाले, दुसऱ्याचं उतरवून आणाल तर मला वासावरून कळतं. प्रत्येकाने आपल्या गावची एक अडचण आणा.

माझ्या डोक्यात लगेच आलं, पायऱ्या. एक सेन्सर असतो, तो आवाज सोडतो, आवाज पाण्यावर आपटून परत येतो, किती वेळ लागला त्यावरून अंतर कळतं. आम्ही नदीपलीकडे हाक मारतो तसंच. सेन्सर घाटाशेजारच्या वाकलेल्या उंबराला टांगायचा, तो खाली पाण्यापर्यंतची जागा मोजेल आणि पाटीवर आकडा दाखवेल, किती उरल्या. बाबांना भर पावसात इरलं घेऊन घाटावर बसायला नको.

बाबांना फोनवर सांगितलं. वाटलं, रागावतील, माझं काम यंत्राला देते म्हणून. तर एकदम खूश! "आकडा मोठा लाव. लगित मोठा. भोपळ्याएवढा." मी म्हटलं, एवढा मोठा कशाला? म्हणाले, "लोकायनं पाह्यला पायजे ना, उमाजीच्या पोट्टीनं काय बनवलं ते." मिरवायची किती ती हौस!

१५ सप्टेंबर

लावला! रोशनी मदतीला आली होती. तिला डोंग्याची भीती वाटली, वाघाच्या गावची असून. पाटीवर लाल आकडा, वर छोटं सोलर पॅनेल. मी बटण दाबलं आणि ७ आला. सगळ्या टोल्याने पायऱ्या मोजल्या. सातच होत्या. डोमाकाकांनी दोनदा मोजल्या, यंत्र चुकावं अशी फार इच्छा होती त्यांची.

बाबा पाटीच्या अगदी पुढ्यात उभे राहिले, आकड्याला हात लावला. "सात," म्हणाले. किती वेळ तिथेच उभे होते. मला आभाळ ठेंगणं झालं.

१४ ऑक्टोबर

राजदीप सरांना व्हिडिओ दाखवला. त्यांनी तीनदा पाहिला आणि म्हणाले, "रंजीता, तुझा आकडा उलटा आहे. पाणी वाढलं की आकडा कमी होतो."

मी म्हटलं, आमच्याकडे तसंच मोजतात.

"पाण्याची पातळी म्हणजे पाणी किती आलं ते. सगळीकडे असंच दाखवतात. सोमवारी बाहेरचे परीक्षक येत आहेत, त्यांच्यासमोर हे चालणार नाही. बदल, आणि जागेवरचा फोटो आण."

रोशनी म्हणाली, सरांना समजावून सांग. पण सर एवढे शिकलेले, माझा टोला एक्केचाळीस घरांचा. मला वाटलं, आपणच मागासलेले असू. सोळातून वजा करायचं, एक ओळ बदलायची, त्यात काय आहे?

२० ऑक्टोबर

कुठून सुरू करू? सकाळपासूनचं लिहिते.

घरी पोचले तेव्हा पाटीवर १३ होता. लॅपटॉप लावला, ओळ बदलली, ३ आला. तीन पायऱ्या पाण्याखाली. फोटो काढला. बाबा घरात जेवत होते, आई धान पाहायला गेली होती. एसटीची वेळ झाली होती. आकडा बदलल्याचं कोणाला सांगितलं नाही. खरं म्हणजे सुचलंच नाही. डोमाकाकांनी पलीकडे सोडलं, त्यांना तंबाखूचा खर्रा घ्यायचा होता म्हणून थांब्यापर्यंत सोबत आले.

एसटी दिसायला लागली तेवढ्यात थाळी वाजली.

डोमाकाकांच्या हातातला खर्रा सांडला. "धरणाचं पाणी सोडलं वाटते!" आम्ही चढावरून खाली पळत आलो. नदी शांत. ऊन पडलेलं. समोर घाटाच्या पायऱ्या, वरून मोजल्या तर तेरा, आणि तेराव्या पायरीवर शकुबाईची गोधडी वाळत घातलेली.

आणि वर अख्खा टोला पळत होता. बुधूने बकऱ्या सोडल्या, त्या उलट्या दिशेने पळाल्या. कोणी काखेत कोंबड्या घेतल्या, कोणी टीव्ही. दोघं मिळून एक सिलिंडर गडगडवत टेकडीवर चढवत होते. शकुबाईने लोणच्याची बरणी कवटाळली होती. माझी आई शेतातून धावत आली, घरात गेली आणि माझ्या मार्कशिटांची फाईल घेऊन बाहेर पडली. दुसरं काही घेतलं नाही तिने.

मी इकडून ओरडले. हॉस्टेल बंद पाडणारा माझा आवाज, पण थाळीपुढे कोणाला ऐकू जाणार? डोंगा पलीकडे घातला, पायऱ्या चढून धापा टाकत वर गेले. बाबा पाटीजवळ उभं राहून थाळी बडवत होते. घामाने भिजले होते.

"बाबा, थांबा! पूर नाही!"

"तीनच उरल्या, रंजे! पाटीवर पाह्य!"

"पाटीवर काय, खाली बघा ना!"

बाबांनी खाली पाहिलं. थाळी हळूहळू थांबली. मग मला अगदी बारीक आवाजात विचारलं, "किती हायेत?"

"तेरा."

तोवर टेकडीवरून लोकांनीही खाली पाहिलं होतं. मग शकुबाई ओरडली, "अवं, माही गोधडी तं तशीच वाळून राह्यली!" आणि जो हशा पिकला! डोमाकाका पोट धरून घाटावर बसले. "उमाजी, डोळे फुटले का रं तुहे? तेरा पायऱ्या दिसत नाई?" मीही हसले. चूक माझी होती तरी हसले. बाबा मात्र थाळी घेऊन घरात गेले.

मग एकेकाला सांगत फिरले की आकडा मी बदलला होता, बाबांची काही चूक नाही. सगळ्यांनी मला पोटभर शिव्या दिल्या आणि चहाही दिला. बाबांचं मला वाईट वाटतं, आणि जरा बरंही वाटतं, खोटं कशाला सांगू? आयुष्यभर नदी वाचलेला माणूस, आणि लेकीच्या यंत्रावर एवढा विश्वास की खाली बघायचीही गरज वाटली नाही.

उद्याचे परीक्षक गेले खड्ड्यात. आधी आकडा पुन्हा सुलटा करणार.

२१ ऑक्टोबर

सकाळी आकडा बदलला. १३ आला. बाबा माझ्यापासून चार हातांवर, पाटीच्या समोर उभे होते. म्हणाले, "आता किती दाखवते?"

मी म्हटलं, समोरच तर आहे.

"उन्हात दिसत नाई."

ऊन नव्हतं. उंबराची सावली होती पाटीवर. आणि आकडा भोपळ्याएवढा होता.

मी लॅपटॉप खाली ठेवला. तीन बोटं वर केली आणि विचारलं, "बाबा, माझी किती बोटं?"

"पोट्टे, बोटं पाचच असतात," बाबा म्हणाले. "चंद्रपुरात हेच शिकवतात का?"

मी हसले नाही. तेव्हा त्यांनी मान खाली घातली.

सगळं एकदम कळलं मला. सुई, खुंट, शकू का, किती उरल्या सांग, मोठा लाव. आणि चढावरून हलवलेला माझा हात. वर्षभर मी डायरीत त्यांना आळशी आणि रागीट लिहीत होते. मूर्ख मी. चार पानं मागे जाऊन वाचलं तर स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

विचारलं, कधीपासून? म्हणाले, तू जायच्या आधीपासून. डाव्यानं दिसेनासं झालं पहिले, मग उजव्यानंही. आईला माहीत होतं, तिला शपथ घातली होती. "दोन वर्षं म्हणलं होतं ना तुले. मले वाटलं, तवरीक डोळे पुरतीन. उजवा जरा लवकर गेला."

"मला सांगितलं काऊन नाही?"

"सांगतलं असतं तं तू गेली असती का?"

मी रडले. घाटावर, सगळ्यांसमोर, माझ्या नेहमीच्या आवाजात. पलीकडच्या काठावर एसटीची वाट बघणारे लोक उठून उभे राहिले.

बाबा म्हणाले, "आता मी घाट सोडतो. लोकायले खोटी थाळी वाजवली मी. तू ये, वल्हं धर." मी म्हटलं, आधी डॉक्टर. मग वल्ह्याचं बघू.

२४ ऑक्टोबर

मोतीबिंदू! दोन्ही डोळ्यांत, पिकलेला. चंद्रपूरच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, वीस मिनिटांचं काम आहे, हे एवढे दिवस कशाची वाट बघत होते? मी म्हटलं, माझी.

बाबांना वाटत होतं डोळे गेले म्हणजे गेले. आजोबांचे असेच गेले होते म्हणे, तेव्हा आपलेही जाणार. विचारायचं कोणाला आणि कशाला!

१२ नोव्हेंबर

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर बाबांनी पहिल्यांदा आईला पाहिलं आणि म्हणाले, "कमळे! तुहे केस पांढरे कवा झाले वं?"

आई दोन दिवस बोलली नाही.

काळा चष्मा घालून बाबा वॉर्डभर फिरतात. रोशनी त्यांना हिरो म्हणते, त्यांना ते फार आवडलं आहे. डॉक्टरबाईंनी भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, तर आधी ओळी मोजल्या. "सात हायेत. खालच्या दोन बारीक."

१८ जानेवारी २०२५

परीक्षक त्या सोमवारी आलेच नव्हते! तारीख पुढे ढकलली गेली होती. माझं एवढं रामायण झालं आणि त्यांना पत्ताच नाही.

आज मात्र राजदीप सर स्वतः टोल्यात आले. मी आकडा सुलटा केला, का केला ते सगळं सांगितलं. ते म्हणाले, मला तुझा घाट बघायचा आहे. डोंग्यातून उतरले, धोतर नेसल्यासारखी पँट वर धरून पायरीवर उभे राहिले आणि मोठ्याने विचारलं, "तर मग, पाणी किती चढतं इथे?"

शकुबाई तिथेच कपडे धूत होती. तिने सरांना जे सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही. सर गोरेमोरे झाले. मग मी शिकवलं तसं त्यांनी विचारलं, "किती उरल्या?" तेव्हा शकुबाईने त्यांना भाजलेली मासोळी आणि तांदळाची भाकर दिली. जेवताना सर म्हणाले, "चूक माझी होती, रंजीता. हा आकडा कोण वाचणार, हे मी विचारलंच नाही." अहवालाच्या नावातून त्यांनी 'जलपातळी' खोडलं आणि 'उरलेल्या पायऱ्या' लिहिलं. एवढ्या शिकलेल्या माणसाने स्वतःची चूक अशी जेवता जेवता कबूल केली, मला त्यांचा फार अभिमान वाटला.

बाबांचा दुसरा डोळा पुढच्या महिन्यात. दोन वर्षांतले आता सात महिने उरले. मी आठवण दिली तर म्हणाले, "शब्द म्हणजे शब्द."

२३ एप्रिल

नागपूरला मुलाखत झाली. नद्या, तलाव, धरणं यांवर पाणी मोजायची यंत्रं बसवणारी कंपनी आहे. आत तीन माणसं. इंग्रजीत विचारलं, मी अर्धं इंग्रजीत आणि अर्धं आमच्या बोलीत सांगितलं. शेवटी एका बाईंनी विचारलं, तुझ्या हातून झालेली सगळ्यात मोठी चूक कोणती?

रोशनीने बजावलं होतं, असं विचारलं तर 'मी फार मेहनत करते' असं काहीतरी सांग. पण माझ्या तोंडून थाळीची गोष्टच निघाली. सिलिंडर, बकऱ्या, गोधडी, सगळं. तिघंही हसून हसून लाल झाले. मग मी बाबांच्या डोळ्यांचं सांगितलं आणि ते हसायचे थांबले. त्या बाई बराच वेळ काही लिहीत होत्या.

बाहेर आल्यावर वाटलं, घालवली नोकरी. मुलाखतीला जाऊन स्वतःची नाचक्की कोण सांगतं?

११ जून

लागली!!!

पत्र मोबाईलवर आलं, मी गोंडपिपरीहून छापून आणलं. बाबांनी ते घाटावर बसून हातात धरलं, जवळ धरलं, लांब धरलं. इंग्रजी येत नाही, पण म्हणाले, "सतरा ओळी हायेत. खाली सही निळी हाय." मग सगळ्या टोल्याला तेच दाखवत फिरले, सतरा ओळी आणि निळी सही. नद्यानद्यांवर फिरून यंत्रं बसवायची नोकरी आहे. डोमाकाका म्हणाले, "म्हणजे नदीतच राहणार ही. मंग टोल्यातून गेली कुठी?"

मी बाबांना विचारलं, आणि वल्हं?

"कोणाले पायजे तुहं वल्हं? मले आता त्या काठावरच्या बगळ्याची चोच दिसते. अजून दहा वर्षं कोणाले हात लावू देत नाई." आणि खुंटावर डोंगा इतका अलगद लावला की शकुबाईची टोपली हललीही नाही.

मी दुपारभर कारण नसताना घाट चढले, उतरले. सोळा पायऱ्या, पंधरा उरलेल्या. आनंद झाला होता आणि टोला सोडवतही नव्हता. दोन्ही एकदम कसं होतं, कोण जाणे.

२९ जून

नागपूरच्या एसटीत बसून लिहिते आहे, अक्षर वाकडं येईल.

सकाळी सगळा टोला घाटावर आला होता. पाटीवर ११. शकुबाईने लोणच्याची बरणी दिली, तीच ती. आईने मार्कशिटांची फाईल दिली आणि ती मी डोंग्यात बसेपर्यंत सोडलीच नाही, शेवटी मी ओढून घेतली. वल्हं बाबांचं. उतरताना मी पाया पडले तर म्हणाले, "जाय. एसटी निघून जाईन."

मी चढ चढले. दोन वर्षांपूर्वी इथून हात हलवला आणि उत्तर मिळालं नाही. नंतर तर हलवणंच सोडलं होतं, आणि डोळे बरे झाल्यावर कधी डोमाकाका सोडायला, कधी घाई. वर पोचल्यावर वाटलं, वळावं की नाही? बाबा तर निम्म्या नदीत गेले असतील.

तेवढ्यात मागून हाक आली. नदीपलीकडे ऐकू जाणारी, आमच्या घरचीच.

"रंजेऽऽ! बॅगची चेन उघडी हाय वं!"

वळून पाहिलं. डोंगा नदीच्या मध्यावर होता आणि बाबा त्यात उभे राहून हात हलवत होते. मी वळायच्या आधीपासून हलवत असावेत.

मी बॅग पुढे घेतली. चेन उघडीच होती, हिरव्या ओढणीचं टोक बाहेर लोंबत होतं. मी ती ओढणी अख्खी बाहेर काढली आणि एसटी येईपर्यंत हलवत राहिले.